पूर्तधर्म आणि पाणी पिणारी वाट

आज आषाढी एकादशी. कौंडण्यपूर हे रुक्मिणीमातेचे माहेर. आमच्याच अमरावती जिल्ह्यातून निघालेली तिची पालखी विठुरायाच्या भेटीस गेली आहे. शेगावहून श्रीगजाननमहाराजांची पालखी गेली आहे. ज्यांना पंढरीस जाणे घडले नाही असे आम्हा वरूडकरांसारखे असंख्य भाविक आज आपल्या गावच्या विठ्ठलमंदिराची वाट चालतील. एकादशीच्या पुरवणीत देवाविषयी लिहावे ही रीत आहे. आम्ही आज देवाकडे जाणाऱ्या वाटेविषयी लिहीत आहोत, आणि ती वाट कशाची करावी याविषयी आमचे एक आग्रहाचे म्हणणे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या देवळांसमोरची वाट आज कशी आहे? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जेथे मुरूम होता, तेथे आता डांबर किंवा सिमेंट आहे. चिखल गेला, वृद्धांची सोय झाली, हे चांगलेच झाले. परंतु आषाढाची एक जोराची सर आली की त्या डांबरावर पडलेला थेंब जमिनीत जाण्यास वाव उरत नाही. तो नालीकडे धावतो. नाली प्लास्टिकच्या पन्न्यांनी, दुधाच्या पिशव्यांनी, प्रसादाच्या रिकाम्या द्रोणांनी तुंबलेली असते. मग तेच पाणी उलटून वाटेवर येते आणि माउलीच्या नावाचा गजर करीत जाणारी माणसे घोटाभर काळ्या पाण्यातून चालतात. दोन दिवसांनी ते पाणी ओढ्याला आणि पुढे नदीला मिळून तालुक्याबाहेर निघून जाते. चैत्र-वैशाखात त्याच आळीत टँकरची वाट पाहणे सुरू होते.

वरूड-मोर्शीच्या या मुलखाला लोक कौतुकाने विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. आंबिया आणि मृग अशा दोन बहारांच्या संत्र्याने या भूमीला लक्ष्मी दिली. पण ही लक्ष्मी भूमीच्या पोटातील पाण्यावर आली आहे. विहिरी आटल्या तेव्हा बोअर आले, आणि बोअर आटले तेव्हा त्याहून खोल बोअर आले. भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत वरूडचे नाव वर्षानुवर्षे घेतले गेले आहे. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल अधिनियमाने 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना बंधन घातले, तरी आपल्या भागात त्याहून कितीतरी खाली छिद्रे गेली. 2019 च्या उन्हाळ्यात या पट्ट्यातील संत्र्याच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या. पोटच्या लेकरासारखी वाढविलेली झाडे कुऱ्हाडीने तोडून सरपणाला घालावी लागली, ते दुःख ज्यांनी पाहिले त्यांना आकडे सांगण्याची गरज नाही. भूमीतून किती काढले याचा हिशेब आपण ठेवला नाही, आणि भूमीत किती परत घातले याचा विचारही केला नाही.

आपल्या शास्त्रकारांनी मात्र हा विचार केला होता. धर्माची दोन अंगे त्यांनी सांगितली: इष्ट आणि पूर्त. यज्ञयाग, अग्निहोत्र ही इष्टाची कर्मे होत. वापी, कूप, तडाग, देवालय, अन्नदान आणि उद्यान ही पूर्ताची. 'पूर्त' या शब्दाचा धातूच भरण्याचा आहे. जे रिते झाले ते भरून देणे, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. इष्टाला अधिकार लागतो, पूर्त सर्वांना मोकळे आहे. ज्याला मंत्र येत नाही त्यानेही विहीर खणावी आणि झाड लावावे, असा हा उदार धर्म आहे. आपल्या घरांत इष्ट अजून टिकून आहे, पण पूर्त आपण नगरपरिषदेच्या आणि जिल्हा परिषदेच्या खात्यावर टाकून मोकळे झालो आहोत.

वाटेचीही धर्मकल्पना जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, नगराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात, रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्यास दंड सांगितला आहे. त्याच्या दुप्पट दंड, म्हणजे पाव पण, चिखलपाणी तुंबवून वाट अडविणाऱ्यास सांगितला आहे. हेच राजमार्गावर केल्यास दंड दुप्पट. तीर्थस्थानी, पाणवठ्यावर आणि देवळात घाण करणाऱ्यास त्याहून अधिक. मनुस्मृतीतही राजमार्गावर आपत्तीवाचून मळ टाकणाऱ्यास दंड आहे आणि तो मळ त्याच्याच हातून तत्काळ काढवावा अशी आज्ञा आहे. वाटेवरचा कचरा आणि वाटेवर तुंबलेले पाणी हे दोन्ही दोष आपल्या पूर्वजांनी एकाच सूत्रात बांधले होते. मग त्या दोहोंवर एकच उपाय असेल तर तो धर्माच्या कक्षेबाहेरचा कसा म्हणता येईल?

तो उपाय म्हणजे पाणी पिणारा, पाझरणारा डांबरी रस्ता, आणि तो बांधताना टाकाऊ पदार्थांचा केलेला उपयोग. हा काय प्रकार आहे ते साध्या शब्दांत सांगतो. नेहमीच्या डांबरी थरात मोठी गिट्टी, बारीक गिट्टी आणि चुरी अशी घट्ट बसविलेली असते की दाबून झाल्यावर शेकडा 3 ते 5 इतकीच पोकळी उरते. पाझरणाऱ्या थरात चुरी जवळजवळ घालतच नाहीत. एकसारख्या आकाराची गिट्टी डांबराने एकमेकींना चिकटविलेली असते आणि शेकडा 18 ते 20 च्या आसपास पोकळी राहते. राजगिऱ्याच्या लाडवासारखा गच्च गोळा नव्हे, तर चुरमुऱ्याच्या लाडवासारखा फटी असलेला, असे समजावे. त्या थराखाली धुतलेल्या मोठ्या गिट्टीचा जाड थर असतो. पाऊस वरच्या थरातून झिरपून या खालच्या थरात साठतो आणि तेथून सावकाश भूमीत उतरतो. 30 सेंटिमीटर जाडीच्या गिट्टीच्या थरात शेकडा 40 पोकळी धरली तर 120 मिलिमीटर पाऊस त्याच्या पोटात मावतो. वाटेखाली झाकलेला तडागच हा!

एक हिशेब घरोघरी मुलांकडून करवून घ्यावा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. देवळापुढचे पटांगण 1000 चौरस मीटर, म्हणजे सुमारे पाव एकर आहे असे धरा. 50 मिलिमीटरची एक सर आली तर त्यावर 50,000 लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे पाच टँकर! आज ते पाच टँकर नालीतून वाहून जातात आणि उन्हाळ्यात तेवढेच पाणी आपण पैसे मोजून आणतो.

ही कल्पना नवखी नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन संस्थेत 1970 च्या दशकाच्या आरंभी तिचा पद्धतशीर अभ्यास झाला. ज्या वाल्डन तळ्याकाठच्या थोरोच्या चिंतनाला दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणले, त्या तळ्यापाशी गाड्या उभ्या करण्यासाठी 1977 च्या सुमारास असेच पाझरणारे पटांगण केले गेले आणि ते पुढे कित्येक दशके टिकले. हॉलंडमधील बहुतेक महामार्गांवर आणि जपानच्या द्रुतगती मार्गांवर सच्छिद्र डांबराचा वरचा थर असतो. तेथे पाणी भूमीत न सोडता थरातूनच कडेला नेतात, जेणेकरून गाडीच्या चाकांमागे पाण्याचे फवारे उडत नाहीत. भूमीत पाणी मुरविणारा आणि कडेला काढून देणारा, असे हे दोन भेद आहेत. आपल्याला देवळाच्या पटांगणासाठी पहिला हवा.

आता टाकाऊ पदार्थांविषयी. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे तापलेल्या गिट्टीवर टाकून त्यांचा लेप गिट्टीला देण्याची आणि मग डांबर मिसळण्याची रीत सिद्ध केली. 2002 मध्ये महाविद्यालयाच्या आवारात त्यांनी असा रस्ता केला. 2015 च्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने मोठ्या शहरांभोवतीच्या डांबरी रस्त्यांत असे प्लास्टिक वापरण्याचे निर्देश दिले, आणि 2018 मध्ये वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली. एकेरी रस्त्याच्या एका किलोमीटरला साधारण एक टन प्लास्टिक लागते. जी पन्नी गाईच्या पोटात जाऊन तिचा जीव घेते, तीच गिट्टीवर बसली की पाण्याला डांबर सोडवू देत नाही. झिजलेल्या टायरांचा भुगा डांबरात मिसळण्याची युक्ती फिनिक्स शहराचे अभियंता चार्ल्स मॅकडोनल्ड यांनी 1960 च्या दशकात काढली. आपल्याकडेही असे रबरमिश्रित डांबर वापरात आहे. 2022 मध्ये सुरतेजवळ हाजिरा येथे पोलादाच्या कारखान्यातील मळीचा रस्ता झाला. पडलेल्या इमारतींचे काँक्रीट दळून त्याची गिट्टी होते, आणि जुना डांबरी थर खरवडून तो पुन्हा तापवून अंथरता येतो.

मात्र सगळा कचरा सगळीकडे घालू नये. आपल्या धर्मात अधिकारभेद सांगितला आहे; ज्याची जी योग्यता, तेथे त्याची योजना. तोच न्याय येथेही लागतो. टायरचा भुगा मिसळलेले डांबर दाट होते, गिट्टीभोवती जाड लेप धरते आणि खाली निथळून जात नाही. पाझरणाऱ्या थरात डांबर निथळून जाण्याचीच मोठी भीती असते, म्हणून त्याची जागा तेथे. पण टायरमध्ये जस्ताचा अंश असतो, म्हणून पिण्याच्या विहिरीलगत त्याचा वापर टाळावा. दळलेले काँक्रीट खालच्या साठवणीच्या थरात चालते, परंतु त्याची भुकटी धुऊन काढल्यावाचून नव्हे. तीच फटी बुजविते. प्लास्टिकचा लेप दिलेली गिट्टी वाहतुकीच्या नेहमीच्या घट्ट रस्त्यात अधिक शोभते. पारसच्या वीजकेंद्रातून निघणारी राख रस्त्याच्या भरावाला उत्तम, पण ती मैद्यासारखी बारीक असल्याने पाझरणाऱ्या थरात ती शत्रूच. आणि नळ्यांचे व आवरणांचे पीव्हीसी कोठेही नको. ते तापले की विषारी आम्लवायू सोडते. ज्यांच्या हाती काम आहे त्यांनी हा विवेक ठेवला नाही, तर पुण्याच्या नावाखाली पापच पदरी पडेल.

येथे एक शंका आमच्या श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या मनात येईल. उकिरड्यावरची वस्तू देवाच्या वाटेवर कशी घालावी? प्रदक्षिणा घालणाऱ्या अनवाणी पायांखाली टायर आणि पन्नी? शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तरही शास्त्रातूनच देतो. स्मृतींत द्रव्यशुद्धीचे स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता पदार्थ कशाने शुद्ध होतो, याचा तेथे बारकाईने विचार केला आहे. मातीचे भांडे पुन्हा भाजल्याने शुद्ध होते. भूमी झाडल्याने, सारवल्याने, शिंपडल्याने, खरवडल्याने आणि गाई बसविल्याने शुद्ध होते. म्हणजे 'एकदा अशुद्ध ते कायमचे अशुद्ध' असे शास्त्र म्हणत नाही. गिट्टी आणि डांबर दीडशे अंशांहून अधिक तापवून मिसळतात. हा पुनःपाकच आहे. जुना रस्ता खरवडणे हे भूमीचे उल्लेखन आहे. आणि शंकाच घ्यायची तर ती आधी घ्यावी: महाप्रसादाच्या वेळी आपणच देवळामागे फेकलेले प्लास्टिकचे पेले ओढ्यात सडत नाहीत, नुसते पडून राहतात, ते कोणत्या शुद्धीत बसतात?

दुसरी शंका जाणत्या शेतकऱ्याची असेल, आणि ती अधिक वजनाची आहे. आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात मुद्दाम पाणी सोडले तर रस्ता खचणार नाही काय? निश्चित खचेल. म्हणून हे काम काळीवर आंधळेपणाने करू नये. जेथे काळीचा थर उथळ आहे तेथे ती काढून मुरुमापर्यंत जावे. जेथे ती खोल आहे तेथे साठवणीच्या थराखाली पाणी न झिरपणारा पडदा घालून, ते पाणी नळीने गाळणीच्या खड्ड्यात आणि तेथून पुनर्भरणाच्या विहिरीत न्यावे. देवळाच्या पायापासून पुरेसे अंतर ठेवावे. जेथे संत्र्याचे भरलेले ट्रक फिरतात तेथे असा रस्ता करू नये. त्याला ते ओझे सोसत नाही. पायवाट, प्रदक्षिणामार्ग, यात्रेकरूंच्या गाड्या उभ्या करण्याचे मैदान, शाळेचे आणि सभामंडपापुढचे पटांगण, ही त्याची क्षेत्रे.

तिसरी गोष्ट देखभालीची. आम्हाला सर्वांत अधिक चिंता तिचीच वाटते. पाझरणाऱ्या वाटेच्या फटी माती आणि धुळीने बुजतात. तिला वारंवार झाडावे लागते आणि वर्षातून दोन-तीन वेळा जोराने धूळ ओढून घ्यावी लागते. तिच्यावर मुरूम टाकून चालत नाही. मिरवणुकीत पोत्यांनी गुलाल उधळायचा आणि तो तिच्यावरच धुऊन काढायचा, हेही चालत नाही. रांगोळी दगडी फरशीवर काढावी. महाप्रसादाच्या भांड्यांचे तेलकट पाणी तिच्यावर कदापि ओतू नये, कारण ती जे पिते ते भूजलात जाते. भूमीला पाजायचे ते स्वच्छ पावसाचे पाणी. आपले उष्टे नव्हे.

कोणी म्हणेल, एवढे झाडणार कोण? या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडाने तरी दुसऱ्यास विचारू नये. 1876 मध्ये आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले श्रीगाडगेमहाराज गावात आले की आधी खराटा हाती घेत, दिवसभर वाटा झाडीत आणि रात्री त्याच झाडलेल्या जागी कीर्तनास उभे राहत. 1956 मध्ये वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. आम्ही कीर्तनकार त्यांचे नाव आदराने घेतो, त्यांच्या गोष्टी सांगून श्रोत्यांना हसवितो आणि रडवितोही. पण त्यांच्या कीर्तनाचा पूर्वरंग खराट्याने होत असे, आणि आमचा थेट ध्वनिक्षेपकावर सुरू होतो. हा फरक आम्हा सर्व कीर्तनकारांनी मनाला लावून घेण्यासारखा आहे. ज्या देवळापुढे अशी वाट होईल तेथे दर एकादशीला कीर्तनापूर्वी तासभर वाट झाडण्याचा नेम ठेवावा, आणि त्यात बुवांनी पुढे असावे, असे आमचे मत आहे.

आता आमचे मागणे. पहिले, वरूड परिसरातील देवस्थानांच्या विश्वस्तांकडे. पटांगणावर नवे सिमेंट ओतण्याआधी एकदा थांबा. जाणत्या अभियंत्याकडून जमिनीची परीक्षा करवा, आणि पाव एकराचे एक पटांगण पाझरणारे करून पाहा. शेजारच्या विहिरीची पातळी दर महिन्याला मोजून फळ्यावर लिहा, म्हणजे श्रद्धेच्या जोडीला प्रचीतीही येईल. दुसरे, नगरपरिषद आणि ग्रामपंचायतींकडे. ज्या वऱ्हाडात 2022 च्या जून महिन्यात अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरून जागतिक विक्रम झाला, त्या वऱ्हाडाला एक पटांगण नेटके करणे अशक्य नाही. वेग आपण दाखविला, आता विवेक दाखवू या. तिसरे मागणे घरोघरच्या माताभगिनींकडे आहे, आणि त्यावाचून पहिली दोन व्यर्थ होत. ओला कचरा निराळा आणि पन्नी निराळी, एवढे घरातच झाले तर पुढची वाट सोपी आहे. चिखलाने आणि खरकट्याने माखलेली पन्नी कोणत्याही रस्त्याच्या कामाची नसते.

आणखी एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. प्लास्टिकचा रस्ता होतो, म्हणून प्लास्टिक वापरण्यास मोकळीक मिळाली, असा अर्थ कोणी काढू नये. प्रायश्चित्त आहे म्हणून पाप करावे, असे कोणत्याही स्मृतीने सांगितलेले नाही. महाराष्ट्रात 2018 पासून आणि देशभर 2022 पासून एकदाच वापरून फेकण्याच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. प्रसाद पळसाच्या पत्रावळीत द्यावा. पळस आपल्या सातपुड्यात उदंड आहे. जे टाळता आले नाही तेवढ्याचीच पुढे रस्त्यात गती लावावी.

आपल्या जिल्ह्यात पूर्णेच्या तीरी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. तेथे गाडगेमहाराजांनी भाविकांसाठी घाट बांधविला. मनुष्य जन्मतःच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन येतो, असे आपण मानतो. आमच्या पिढीने त्यात चौथे ऋण वाढविले: भूमीच्या पोटातील पाण्याचे. ते आम्ही उपसले आणि त्यावर बागा, घरे, लग्ने केली. ते फेडण्याची वेळ नातवंडांवर येऊ नये, असे वाटत असेल तर पडणारा प्रत्येक थेंब भूमीला परत करण्याची वाट शोधली पाहिजे. आज देवळात जाताना वाटेवरच्या पाण्याकडे एकदा थांबून पाहावे. ते कोठे जाते आहे, एवढाच प्रश्न मनाशी धरून विठुरायासमोर हात जोडावे. आणि परत येताना वाटेतली एक तरी पन्नी उचलून आणावी. चातुर्मासाचा नेम आजपासून सुरू होतो. या वर्षी नेमाच्या यादीत पूर्तधर्माची ही एक ओळ अवश्य लिहावी, अशी वाचकांना आमची विनंती आहे.